बसलेल्याचा खेळ

खो-खो पाहताना डोळा कुठे ठेवायचा, हे मला आमच्या गुरुजींनी शिकवले. गाव नागभीड तालुक्यातले, झाडीपट्टीचे. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत आमचे मैदान असे. दोन टोकांना ऐनाचे दोन खांब पुरलेले, आणि चुना नसला की चुलीतल्या राखेने आखलेल्या पाट्या. सामना सुरू झाला की सारे गाव धुऱ्यावर बसून पळणाऱ्या पोरींना हाका घालायचे. गुरुजी मात्र मला सांगायचे, "पळणारीला सगळेच पाहतात. तू बसलेलीच्या टाचा पाहा."

टाच जमिनीला टेकली असेल तर ती पोर दमली आहे, नाहीतर तिचे ध्यान दुसरीकडे आहे. टाच उचललेली, भार पंजांवर, हाताची बोटे मातीला जेमतेम टेकलेली आणि मान पाठलागाच्या रोखाने वळलेली असेल, तर खो मिळण्याआधीच ती अर्धी उठलेली असते. मी स्वतः तिसऱ्या चौकोनात बसायची. गडी बाद करणे माझ्या वाट्याला क्वचित यायचे. उठायचे, चार पावले धावायचे, पुढच्या पोरीला खो द्यायचा आणि तिच्या जागी बसायचे, एवढेच माझे काम. मला ते फार लहान वाटायचे. ते लहान नाही हे मला १९ जानेवारी २०२५ च्या रात्री पुरते कळले, पहिल्या खो-खो विश्वचषकातला पुरुषांचा अंतिम सामना पाहताना.

जानेवारी म्हणजे आमच्याकडे हंगाम. मळणी आटोपलेली, तणसाचे ढीग लागलेले, घरात धान आलेले आणि गावोगाव मंडईच्या, नाटकांच्या तारखा ठरलेल्या. त्या रात्रीही वडशाच्या एका कंपनीचे नाटक लागायचे होते. मंडपात सतरंज्या पडत होत्या आणि आमच्या ओसरीवर शेजारपाजारची वीसेक माणसे टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली होती. त्यातल्या बहुतेकांनी लहानपणी कधी ना कधी खो दिला-घेतला होता. हा खेळ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

स्पर्धा दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये १३ जानेवारीपासून चालू होती. पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ आले होते. भारताच्या पुरुष संघाचा कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर. त्याच्यासोबत सुयश गरगटे, आदित्य गणपुले, अनिकेत पोटे आणि सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप. मराठी मातीत वाढलेले इतके गडी एका जागतिक स्पर्धेत निळ्या पोशाखात एकत्र दिसावेत, याचा आनंद ओसरीवर लपत नव्हता. त्याच संध्याकाळी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली महिला संघाने नेपाळला ७८-४० असे हरवून चषक जिंकला होता. आता पुरुषांसमोरही नेपाळच होता.

या विश्वचषकाचे बोधचिन्ह म्हणून तेजस आणि तारा नावाची हरणांची जोडी निवडली होती. निवड सुंदर होती. चितळाचा कळप रोज पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना तर ती चटकन पटली. दचकून थबकणे, कान टवकारणे, एका झेपेत दिशा बदलणे, हे सगळे खो-खोतल्या पळणाऱ्या गड्याच्या अंगात असते. तरी मला वाटते, हरणात या खेळाची निम्मीच गोष्ट येते. उरलेली निम्मी समजून घ्यायची तर पाठलागाकडे वळायला हवे.

झाडीतल्या माणसाला पाठलाग ओळखीचा असतो. ताडोबाच्या बाजूला रानकुत्री कळपाने शिकार करतात. एकमेकांना शीळ घालत, बाजूंनी घेरत, ती चितळाला दमवतात. पण रानात पाठलाग करणाऱ्याला बंधन नसते. रानकुत्रा मागे फिरू शकतो, आडवा जाऊ शकतो, जागीच वळू शकतो. खो-खोत हे सगळे स्वातंत्र्य पळणाऱ्याला दिले आहे आणि पाठलाग करणाऱ्याकडून काढून घेतले आहे. पळणारा दोन बसलेल्यांमधून हवा तेव्हा आरपार निघून जातो. पाठलाग करणाऱ्याला फूटभर रुंदीची मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा एका खांबाची दिशा धरली की मध्येच उलटे फिरता येत नाही. मोकळीक मिळते ती खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात पोचल्यावरच.

म्हणजे ज्यांनी हा खेळ घडवला त्यांनी तो असा बांधला की एकट्याने कितीही वेगात धावले तरी चपळ गडी सापडू नये. धावणाऱ्याला वळता येत नाही, आणि वळल्याशिवाय गडी मिळत नाही. मग वळण कुठून आणायचे? ते मधल्या पाटीवर ओळीने बसवून ठेवले आहे. एकाचे तोंड इकडे, शेजारच्याचे तिकडे. इकडे तोंड करून बसलेल्याला खो दिला की पाठलाग इकडच्या बाजूला, तिकडच्याला दिला की तिकडच्या बाजूला. बसलेला प्रत्येक गडी म्हणजे पाठलागाला मिळू शकणारे एक वळण. धावणारा ते वळण स्वतः घेऊ शकत नाही. ते त्याला दुसऱ्याच्या अंगातून घ्यावे लागते, आणि त्याची किंमत म्हणून स्वतःचे धावणे सोडून द्यावे लागते.

या देण्या-घेण्यात मला खो-खोचे सारे सौंदर्य दिसते. खो पाठीमागून द्यायचा, हाताने स्पर्श करून, मोठ्याने तो शब्द उच्चारून. बसलेल्याने त्याआधी उठायचे नाही. देणाऱ्याने दिल्यावर घुटमळायचे नाही. रिकाम्या झालेल्या जागी लगेच बसायचे. पारंपरिक नियमांत तर एक फार अर्थपूर्ण अट आहे. तीन पळणाऱ्यांच्या तुकडीतला शेवटचा गडी ज्याने बाद केला, त्याने पुढच्या तुकडीमागे स्वतः धावायचे नाही. आधी खो द्यायचा. ज्या क्षणी त्याची छाती अभिमानाने भरलेली असते, नेमक्या त्या क्षणी खेळ त्याला सांगतो, आता तू बस. दुसऱ्या कुठल्या खेळाने यशाला इतक्या तातडीने खाली बसवल्याचे मला आठवत नाही.

या नियमांना हे रूप महाराष्ट्रात आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांना पहिली घडी दिली. आमच्या विदर्भाचाही या वाटचालीत मानाचा वाटा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची आणि व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवून आले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली. बर्लिनच्या प्रात्यक्षिकांपासून दिल्लीच्या विश्वचषकापर्यंत जवळजवळ नव्वद वर्षे गेली. एवढा काळ हा खेळ शाळांनी, तालमींनी आणि धान कापलेल्या बांध्यांनी जिवंत ठेवला.

पहिला विश्वचषक म्हटला की काही जण विचारतात, इतक्या थोड्या देशांत खेळल्या जाणाऱ्या खेळाला विश्वचषक म्हणावे का? त्यांना मी बॅन्डीची गोष्ट सांगते. उत्तरेकडच्या बर्फाळ देशांत फुटबॉलच्या मैदानाएवढ्या बर्फावर, पायांत स्केट घालून, वाकड्या काठीने छोटा चेंडू मारत अकरा-अकरा गडी हा खेळ खेळतात. त्याची पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १९५७ साली हेलसिंकीत झाली. संघ होते तीन: सोव्हिएत संघ, फिनलंड आणि स्वीडन. सोव्हिएत संघ जिंकला. त्या तीन संघांपासून स्पर्धा वाढत गेली, आणि २०१४ साली सैबेरियातल्या इर्कुत्स्कमध्ये सोमालियाचा संघ तिच्यात उतरला. स्वीडनच्या बोर्लेंगे गावात आश्रयाला आलेले ते तरुण. काही महिन्यांपूर्वी त्यांतले बहुतेक जण बर्फावर उभेही राहिले नव्हते. ते मोठमोठ्या फरकांनी हरले, पण खेळले. एका मातीतला, किंवा एका बर्फावरचा, खेळ जगाचा होऊ लागतो तो अशा वेळी. अनोळखी हवेतून आलेला कोणीतरी त्याचे व्याकरण आपल्या अंगात उतरवून घेतो.

दिल्लीत हेच दिसले. साखळी सामन्यांत भारताने ब्राझीलला ६४-३४, पेरूला ७०-३८ आणि भूतानला ७१-३४ असे हरवले. आपण त्यातला मोठा आकडा वाचून पुढे जातो. मी लहान आकड्यापाशी थांबले. ब्राझीलच्या गड्यांनी भारतापुढे ३४ गुण मिळवले, पेरूच्या गड्यांनी ३८. ज्यांच्या भाषेत 'खो' हा शब्द कधीच नव्हता त्यांनी तो दिल्लीच्या मैदानावर मोठ्याने उच्चारला आणि शेजारच्या गड्याच्या जागी जाऊन बसले. ओसरीवरच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी आधीच्या एका सामन्यात दूरदेशीच्या गड्याचा 'खो' ऐकून मान डोलावली होती, जणू सासरी गेलेली लेक तिथल्या लोकांत रुळल्याची खबर आली.

आता अंतिम सामना. या स्पर्धेत प्रत्येक संघाचे सात गडी मैदानावर, चार पाळ्या, प्रत्येक पाळी सात मिनिटांची, आणि गडी बाद केला की दोन गुण. याच नेपाळशी भारताचा स्पर्धेतला पहिला सामना झाला होता आणि तो भारताने जेमतेम ४२-३७ असा जिंकला होता. पाच गुण म्हणजे तीन गड्यांइतकेही अंतर नाही. पुढे भारताने उपउपांत्य फेरीत श्रीलंकेला १००-४० आणि उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला ६२-४२ असे हरवले. तरी ओसरीवर धाकधूक होती ती त्या पाच गुणांची.

पहिल्या पाळीत भारत बसला. रामजी कश्यपने हवेत सूर मारून नेपाळच्या सूरज पुजाराला टिपले, पाठोपाठ सुयश गरगटेने भरत साहूला बाद केले. सूर मारलेला गडी पडद्यावर विलक्षण दिसतो. अंग जमिनीला समांतर, हात पुढे ताणलेला, बोटांची टोके पळणाऱ्याच्या पाठीला शिवतात आणि मग सारे शरीर मॅटवर घसरत जाते. वाहिनीने ते दृश्य पुन्हा पुन्हा, संथ करून दाखवले. दाखवण्यासारखेच होते. पण मी सवयीने त्याच्या मागच्या ओळीकडे पाहत होते. सूर हे वाक्याचे क्रियापद आहे. ते शेवटी येते. त्याआधी लागोपाठ दोन-तीन खो झालेले असतात आणि प्रत्येक खोने पळणाऱ्याची एकेक वाट मिटलेली असते. साखळी खेळत, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी निघत, तो मजेत चाललेला असतो, आणि अचानक त्याला कळते की पुढच्या फटीपाशी जो गडी उठणार आहे त्याचे तोंड आपल्याच बाजूला आहे. तिथे त्याचे पाऊल क्षणभर अडखळते. सूर त्या अडखळण्यावर पडतो.

पाळी संपली तेव्हा फलक होता २६-०. नेपाळचे तेरा गडी सात मिनिटांत बाद. हिशेब केला तर बत्तीस सेकंदांना एक गडी. तुकडी ठरावीक वेळ टिकली तर पळणाऱ्या संघालाही गुण मिळतो. नेपाळच्या एकाही तुकडीला तितके टिकता आले नाही. बत्तीस सेकंदांत गडी मिळवायचा तर बसलेल्याला उठायला वेळ लागून चालत नाही. त्या पाळीत मला कोणाचीही टाच टेकलेली दिसली नाही.

दुसऱ्या पाळीत बाजू उलटल्या. आदित्य गणपुले आणि प्रतीक वाईकर पळतीला पुढे होते. पळण्याची कला वेगळ्या जातीची आहे. तिला एकांत लागतो. पळणारा कोणाच्या स्पर्शाची वाट पाहत नाही. त्याला सहा पाठी आणि सहा चेहरे वाचत राहायचे असते. वाईकर पळताना वेग राखून ठेवतो, हे मला विशेष भावले. तो पूर्ण वेगाने धावतोय असे क्वचितच वाटते. बसलेल्याचा खांदा हलला की तेवढ्यापुरती झेप, मग पुन्हा तोच मोजका पदन्यास. नेपाळचे जनक चंद आणि सूरज पुजारा एकेक गडी टिपत राहिले. नेपाळने नऊ गडी मिळवले आणि मध्यंतराला फलक २६-१८ झाला. गडी मिळायला सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीस सेकंद लागत होते. बत्तीस आणि सत्तेचाळीस, या पंधरा सेकंदांच्या अंतरात सामना उभा होता. आठ गुण म्हणजे चार गडी. उलटवता येण्याजोगे अंतर. ओसरीवर कोणी बोलत नव्हते. मंडपातून पेटीचा सूर लावल्याचा आवाज येऊ लागला होता, तरी कोणी उठले नाही.

तिसरी पाळी ही या सामन्याची खरी कविता. वाईकर, कश्यप, गणपुले. सूर, खो, पुन्हा सूर. या पाळीत भारताने चौदा गडी बाद केले, म्हणजे तीस सेकंदांना एक. पहिल्या पाळीहूनही कमी वेळ. दमलेल्या पायांनी वेग वाढवला हे नवल नाही. दमल्यावर प्रत्येकाने स्वतः कमी धावून लवकर खो दिला, म्हणून वेग वाढला, असे मला त्या ओळीकडे पाहताना वाटले. ज्याला स्वतःच गडी मारायचा मोह होतो तो दोन पावले जास्त धावतो, आणि त्या दोन पावलांत पळणारा निसटतो. या पाळीत ती दोन पावले कोणी धावत नव्हते. खो इतक्या भरभर सरकत होता की मधल्या पाटीवरून एक लाट इकडून तिकडे, तिकडून इकडे जावी तसे दिसत होते. बोडीत दगड टाकला की तरंग काठाला लागून परत येतात, तसे. फलक झाला ५४-१८.

एवढे भरभरून पाहिल्यावर एक खंतही सांगायला हवी. सात मिनिटांची पाळी, लहान केलेले मैदान, गुणांची झटपट वाढ, यामुळे खेळ दूरच्या प्रेक्षकाला कळायला सोपा झाला. तो जगभर न्यायचा तर हे आवश्यक असेल. पण नऊ मिनिटांच्या पाळीत एखादा संरक्षक पाच-पाच मिनिटे एकटा टिकून राहतो आणि सारे मैदान श्वास धरून पाहते, ती दीर्घ आलापी या रूपात आक्रसते. दुसरी खंत कॅमेऱ्याची. तो सतत धावणाऱ्याच्या मागे असतो. बसलेली ओळ अर्धी पडद्याबाहेर राहते. धुऱ्यावर बसून पाहणाऱ्याला जे सहज दिसते, ते लाखो रुपयांच्या यंत्राला दिसत नाही, कारण डोळा कुठे ठेवायचा हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मैदानाच्या एका टोकाला, खांबामागे, जमिनीच्या उंचीवर एक कॅमेरा ठेवा. सगळी ओळ एका नजरेत येईल आणि घरी बसलेल्या पोरांना टाचा दिसतील.

चौथ्या पाळीला नेपाळ बसला तेव्हा निकाल लागल्यात जमा होता. जिंकायला त्यांना एकोणीस गडी हवे होते, बावीस सेकंदांना एक. समोर पळतीला वाईकर, सचिन भार्गो, मेहुल, सुमन बर्मन. ओसरीवरची अर्धी मंडळी टाळ्या वाजवत मंडपाकडे निघाली. मी बसून राहिले, आणि माझ्या मते तिथेच हा सामना सर्वांत जास्त वाचण्यासारखा झाला.

नेपाळचे गडी आपापल्या चौकोनांत बसले. एकाचे तोंड इकडे, एकाचे तिकडे. शिट्टी झाली. पाठीवर हात पडला, 'खो' ऐकू आला, एक उठला, दुसरा त्याच्या जागी बसला. कोणी रागाने एकटा धावत सुटला नाही. कोणी खो उशिरा दिला नाही, निदान माझ्या नजरेला तसा दिसला नाही. एकेक गडी मिळत गेला. वेळ संपली आणि फलक थांबला ५४-३६ वर. त्या पाळीत नेपाळने १८ गुण मिळवले होते. दुसऱ्या पाळीत, सामना हाताशी होता तेव्हाही त्यांनी बरोबर १८ च मिळवले होते. आशा असताना नऊ गडी, आशा संपल्यावरही नऊ गडी.

बक्षीस समारंभात मेहुल सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, सुयश गरगटे सर्वोत्तम आक्रमक, आणि सर्वोत्तम संरक्षकाचा मान नेपाळच्या रोहित बर्माला मिळाला. बसून खो देणाऱ्यासाठी कुठले बक्षीस नव्हते; कुठल्याच मैदानावर नसते. टीव्ही बंद करून मी मंडपाकडे निघाले तेव्हा बांधीवरून गार वारा येत होता. धानाच्या खुंटांतून चालताना मला त्या शेवटच्या पाळीतला तिसऱ्या चौकोनातला नेपाळी गडी आठवत होता. सामना गेलेला, मिनिटभराचा खेळ उरलेला, आणि त्याची टाच वर उचललेली होती.